कोकणात नव्याने राहायला आलात? आठवड्याचा हवामान अंदाज असा वाचा

बदली होऊन आलेला शिक्षक असो, बँकेत रुजू झालेली मुलगी असो, की निवृत्तीनंतर गावचं बंद घर उघडून राहणारं जोडपं असो, कोकणातल्या पहिल्या पावसाळ्यात प्रत्येकाची तक्रार एकच असते: "अंदाज काही खरा होत नाही." ऑरेंज अलर्ट होता आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. यलो होता आणि रात्रीत व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी रस्त्यावर आलं.

मी स्वतः देशावरची. लग्न होऊन दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या गावात आले, तेव्हा पाऊस म्हणजे आभाळ भरून येणं, तासभर कोसळणं आणि मग मोकळं होणं, एवढंच मला माहीत होतं. सलग नऊ दिवस सूर्य न दिसणं हा प्रकार इथे पाहिला. अंदाज वाचायलाही इथेच शिकले, आणि आज माझं ठाम मत आहे की अंदाज बहुतेक वेळा बरोबरच असतो. मात्र तो पूर्ण जिल्ह्यासाठी लिहिलेला असतो. तो आपल्या वाडीपर्यंत, आपल्या उंबऱ्यापर्यंत आणायचं काम आपलं असतं. ते कसं करायचं, तेच इथे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: कुठला अंदाज उघडायचा

मोबाईलमध्ये आपोआप येणारं चौदा दिवसांचं ढगांचं चित्र बाजूला ठेवा. जुलैत कोकणात रोजच पाऊस असतो, त्यामुळे ते चित्र रोज पावसाचंच असतं. त्यातून ठरवण्यासारखं काही हाती लागत नाही.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या मुंबई प्रादेशिक केंद्राचं जिल्हानिहाय पत्रक रोज निघतं. पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशी ओळीने नावं आणि समोर पुढच्या दिवसांचे इशारे असतात. हा आपला मुख्य कागद. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात अमुक दिवशी पाऊस असं नसतं, येणारा आठवडा सरासरीपेक्षा जास्त ओला की कोरडा एवढंच असतं. लावणी, घराचं बांधकाम, लांबचा प्रवास ठरवायला तेवढं पुरतं. शेतीबागायत असेल तर मंगळवार आणि शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला बघा. आंब्यावर फवारणी कधी करावी, सुपारीचं काय, हे त्यात असतं. आणि घराबाहेर पडायच्या क्षणी बघायचा तो तीन तासांचा तातडीचा अंदाज. 'मौसम' ॲप फोनमध्ये असू द्या, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी'.

गुरुवारी दिशा कळते, रोजच्या पत्रकात दिवस कळतो, तीन तासांच्या अंदाजात वेळ कळते. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की फसगत होते.

दुसरी पायरी: रंगाच्या आधी शब्द वाचा

बातम्यांमध्ये फक्त रंग पोचतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हा रंग केवळ पावसाच्या आकड्यावर ठरत नाही, त्या पावसाने काय नुकसान होऊ शकतं याचाही विचार त्यात असतो. पण खरी माहिती रंगाखालच्या ओळीत असते. जुलैतली नमुन्याची ओळ घ्या:

"रत्नागिरी: बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस. तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता. ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा."

इथला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पाव ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून जास्त, पाऊणपर्यंत. त्याच्याही वर गेलं की 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे वरच्या ओळीत अति मुसळधार पावसाची शक्यता जिल्ह्याच्या फार तर पाव भागाला आहे. तुम्ही गुहागरला बसला असाल आणि तो पाऊस लांज्याकडे पडला, तर तुमच्याकडचं ऊनही खरं आणि अंदाजही खरा.

पावसाचे शब्दही तसेच मापात बसवलेले आहेत. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्याच्याही पुढे अत्यंत मुसळधार. आमच्या सोलापूरकडे पन्नास मिलिमीटर झाला तर गावभर चर्चा होते. इथे तो 'मध्यम' आहे, आणि 'मध्यम' वाचून निर्धास्त होऊन दुचाकीवर निघालेला नवखा माणूस अर्ध्या वाटेत भिजून चिंब होतो.

एकाच शहरात केवढा फरक पडू शकतो याचा दाखला म्हणजे २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. मधलं अंतर पंचवीसेक किलोमीटर. तिथे आपला जिल्हा तर घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेला.

आणखी एक बारीक गोष्ट. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. २३ तारखेच्या सकाळच्या नोंदीत 'गेल्या चोवीस तासांत' म्हणून आलेला आकडा मुख्यतः २२ तारखेचा पाऊस असतो. तुलना करताना हे विसरलं की सगळा हिशेब एक दिवसाने चुकतो.

तिसरी पायरी: मिलिमीटर आपल्या अंगणात आणा

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. साधारण हजार चौरस फुटांचं, म्हणजे शंभरेक चौरस मीटरचं छप्पर धरा. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर पागोळ्यांतून दहा हजार लिटर पाणी खाली येतं. पाण्याचा आख्खा टँकर! हे पाणी घराच्या जोत्यापासून कुठे जातं, हे पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन बाहेर उभं राहून बघा. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच जूनमध्ये मला असं उभं केलं होतं. मागच्या पडवीकडचा चर पालापाचोळ्याने तुंबला की पाणी वळून चुलीच्या खोलीत येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तो चर मोकळा ठेवणं हे माझं काम झालं.

पर्जन्यमापक विकत घेतलात तर उत्तमच. नसेल तर सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा चालतो. झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून वाचा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. वाचून झालं की डबा रिकामा करून पुन्हा जागेवर ठेवायचा. पंधरा दिवसांत कानांना सवय होते. कौलांवरच्या आवाजावरून हा तीसचा पाऊस की शंभरचा, हे अंथरुणात पडल्या पडल्या कळायला लागतं.

चौथी पायरी: पाऊस का येतोय, ते शोधा

पत्रकाच्या वरच्या भागात हवामानाच्या स्थितीबद्दल दोन-तीन वाक्यं असतात. नवखे लोक ती वगळतात. त्यात दोनच गोष्टी शोधा.

एक, दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा आहे का. दोन, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का. बंगालचा उपसागर तिकडे लांब पूर्वेला, त्याचा आपल्याशी काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण ते क्षेत्र ओडिशाकडून मध्य प्रदेशाकडे सरकू लागलं की अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे जोर धरतात. ते बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात आणि कोकणात व घाटात पाऊस ओततात. म्हणून आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि घाट ओलांडून पूर्वेला थोडं पुढे गेलं की तो झपाट्याने कमी होत जातो.

दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात दिसल्या तर पुढचे तीन-चार दिवस झड लागणार असं धरून चाला. दोन्ही नसतील तर उघडीप मिळते. अशा वेळी सरी येतात आणि जातात, मध्ये ऊन पडतं.

पाचवी पायरी: भरतीची वेळ जोडा

देशावरून आलेल्या माणसाला ही पायरी सुचतच नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे.

कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्री ते समुद्र सरासरी पन्नासेक किलोमीटरची पट्टी, त्यामुळे घाटात पडलेलं पाणी काही तासांत खाली येतं. खाली खाडीत भरती चढलेली असेल तर ते समुद्रात जाऊ शकत नाही, फुगून मागे येतं आणि बाजारपेठेत शिरतं. चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी, महाडला सावित्री, राजापूरला अर्जुना आणि कोदवली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा घाटात प्रचंड पाऊस झाला होता आणि आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाणाचेच दिवस ते.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती खूप वर येते आणि ओहोटी खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. भरतीची वेळ काढायचं बंदरावरचं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा पंधरावी धरली तर सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. ही भरती दिवसा आणि रात्री अशी दोनदा येते, आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, मुंबईकडे त्यात आणखी थोडा वेळ मिळवावा लागतो. मुंबईत तर साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पण लाईट नाही, नेट नाही अशा रात्री भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणपट एवढंच हाताशी असतं.

म्हणून आठवड्याचा अंदाज वाचताना कॅलेंडर शेजारी ठेवा. नारिंगी इशारा आणि भांगाचे दिवस असतील तर सावध राहा. नारिंगी इशारा, घाटात अति मुसळधार आणि दोन दिवसांवर अमावस्या असेल, तर खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या घरांनी सामान आदल्या दिवशीच माळ्यावर टाकावं. धान्य, गॅसची टाकी, कागदपत्रं, इन्व्हर्टर. गाडी उंचावर नेऊन लावा. पाणी चढायला लागल्यावर हे जमत नाही, कारण ते बहुधा रात्री चढतं. नदीने इशारा पातळी ओलांडल्याची खबर जिल्हा नियंत्रण कक्षाकडून येते. तो क्रमांक १०७७, घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

घर डोंगरउतारावर असेल तर भरतीपेक्षा लागोपाठच्या दिवसांची बेरीज बघा. तीन-चार दिवस सलग शंभरच्या वर पाऊस झाला, जमिनीला भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर कोणाच्या सूचनेची वाट न बघता त्या रात्री दुसरीकडे झोपायला जा.

सहावी पायरी: वारा आणि समुद्र

होडीवाल्यांच्या घरात पावसाच्या आधी वारा वाचतात. पत्रकात ताशी ४५ ते ५५ किलोमीटर आणि झोत ६५ पर्यंत असं आलं की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये ही ओळ सोबत येतेच. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे सावधगिरीची खूण, लागतो. लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉईस ही संस्था देते, तो वेगळा बघावा लागतो. किनाऱ्यावर ऊन असतानाही उंच लाटांचा इशारा असू शकतो, कारण लाट दूरच्या वादळातून निघून आलेली असते. पाहुणे आले आणि समुद्रावर जायचा हट्ट धरला तर आधी हे बघा, आणि पाण्यात उतरण्याबद्दल गावातला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नाही म्हणाला तर तो शब्द अखेरचा माना.

मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. या काळात आठवड्यातून एकदा अंदाज बघून भागत नाही. 'निसर्ग' आलं ३ जून २०२० ला, दुपारी, दिवेआगरच्या जवळ. त्याचं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं ते १ जूनला. म्हणजे हातात होते दोन दिवस. आमच्याकडे वाऱ्याने पत्रे कागदासारखे उडवले, वीस-पंचवीस वर्षं वाढवलेल्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि लाईट यायला कितीतरी दिवस गेले. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर गेलं, जमिनीवर आलं ते गुजरातेत, तरी झोडपायचं ते झोडपलंच. म्हणून नकाशात वादळाच्या मार्गाची रेघ आपल्या गावावरून जात नाही, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. रेघेभोवतीचा पंखा, म्हणजे वादळ जिथे जिथे सरकू शकतं तो पसरट भाग, बघा. तुम्ही पंख्यात असाल तर पाणी भरून ठेवा, फोन आणि बॅटऱ्या चार्ज करा, पत्र्यांचे हूक आवळा, घरावर झुकलेल्या फांद्या उतरवा.

वीज पडण्याचा धोका भर जुलैपेक्षा मेअखेरच्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात जास्त. भात कापणीच्या दिवसांत दुपारी तीननंतर डोंगरामागून काळं आभाळ आलं की मळ्यातून घरी यायचं. झाडाखाली थांबायचं नाही.

सातवी पायरी: उष्म्याचा आकडा

पावसाबाहेरचे महिने वाचायची रीत निराळी. तापमान ३२, म्हणजे सोलापूरच्या माणसाला थंडावाच वाटतो. इथे ३२ अंशांना आर्द्रता ७० टक्के असेल तर अंगाला ते ४१ सारखं लागतं, कारण घाम वाळतच नाही.

आर्द्रतेचा आकडा एकटा वाचू नका. सकाळी २६ अंशांवर ९५ टक्के आणि दुपारी ३२ अंशांवर ६७ टक्के, यात हवेतलं बाष्प तेवढंच असतं. टक्के उतरले म्हणून हवा कोरडी झाली असं नाही. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं तो आकडा, दिला असेल तर तो बघा: २४ च्या वर गेला की चिकचिक, २६ ला बसल्या जागी घाम. स्वयंपाकघरातली खूण याहून सोपी. मिठाला पाणी सुटलं, काडी पेटेना, डब्यातले पापड सादळले, की हवेत काय आहे ते कळतं.

मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याची दिशा बघा. खारे वारे वेळेवर सुटले तर दुपार सुसह्य होते. जमिनीवरचे पूर्वेचे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा येतात आणि पारा चढत जातो. किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांपासून आहे, मैदानी भागासारखा चाळीसपासून नाही, आणि तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. पण तेवढ्याची वाट बघू नका. 'उष्ण व दमट' असा साधा इशारा असला तरी बागेतली कामं सकाळी नऊच्या आत उरका, आणि गड्यांना भर दुपारी माडावर चढवू नका.

आठवी पायरी: गुरुवारची वही

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी एक वही उघडते. आठवड्याचे सात दिवस उभे, शेजारी रंग, शब्द, तिथी, भरतीची वेळ, आणि एक रकाना रिकामा. तो रोज सकाळी डब्यातल्या पट्टीने भरायचा. उघडिपीचा दिवस दिसला तर गोधड्या धुणं, कपाटं उघडी टाकणं, दुकान, बँक, दवाखान्याची कामं तिथे घालायची. झडीचे दिवस दिसले तर आधीच सरपण आत, औषधं आणि दूध पावडर घरात, टॉर्च चार्ज. रेल्वेने जायचं असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, आणि पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवायचा.

दुसऱ्या वर्षी वही बोलायला लागते. आमच्या खालच्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावर, पाणी येतं ते दिवसाला साधारण एकशेवीसचा पाऊस झाला आणि भरती पहाटेची असली की. हे कुठल्याच पत्रकात सापडणार नाही. तुमच्या साकवाचा आकडा वेगळा असेल. वही दाराजवळच्या खिळ्याला टांगा आणि सोबत शिसपेन्सिल बांधा, कारण जुलैत कागद सादळतो आणि पेनाची शाई फुटते.